पासवर्ड बरोबर आहे, तरी आत घेत नाही

हा भाग ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जिथे अडखळलो होतो ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं. एक सूचना आधीच देतो. कमांड मी बोलल्यासारख्याच लिहितोय. तुम्ही टाइप करताना अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या.

तर विषय. लिनक्सवाला लॅपटॉप. तुम्ही पासवर्ड टाकता, एंटर दाबता, स्क्रीन क्षणभर काळी होते, आणि पुन्हा तोच लॉगिनचा पडदा समोर. "पासवर्ड चुकला" असंही म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. पुन्हा टाकता, पुन्हा तेच. मग वैतागून रीस्टार्ट करता आणि सरळ आत जातो, जणू काही झालंच नाही. दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी परत.

रोज बंद पडणारी वस्तू परवडली. कधी चालते कधी नाही, हे फार वाईट. दुकानात नेली की नेमकी तिथे चालते.

हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत झालं. ती साताऱ्याला, मी पुण्यात. तिचं एमएचं शेवटचं वर्ष, प्रबंधासाठी गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायकांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्या होत्या. चाळीसेक फाइल्स. सगळ्या त्या एकाच लॅपटॉपवर. बॅकअप? "घेणार होते रे दादा." त्या बायकांपैकी एक आजी तोवर गेल्या होत्या. म्हणजे ती मुलाखत परत कुठून मिळणार नव्हती.

आणि तिला जवळच्या एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं, फॉरमॅट मारावा लागेल, लिनक्स काढून टाकू, दुसरं टाकून देतो, सातशे रुपये. तिने मला फोन केला तो तिथूनच, दुकानाच्या पायरीवरून. मी म्हटलं, "अगं, आधी लॅपटॉप पिशवीत घाल आणि घरी जा."

आता मुख्य गोष्ट. आपण "लॉगिन" म्हणतो ते एक काम नसतं, दोन असतात. हे कळलं की अर्धं कोडं सुटतं.

पहिलं काम ओळख पटवण्याचं. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन जसा, तसा लिनक्समध्ये पॅम नावाचा प्रकार असतो. तुमचं नाव, तुमचा पासवर्ड, जुळतंय का, बस. जुळलं नाही तर तो स्पष्ट सांगतो, चुकीचा पासवर्ड.

दुसरं काम तुमची खोली उघडून लावून देण्याचं. म्हणजे सेशन सुरू करणं. तुमच्या नावाने डेस्कटॉप चालू होतो, तुमच्या होम फोल्डरमध्ये तो काही बारीकसारीक फाइल्स लिहितो, पॅनेल येतं, वॉलपेपर येतो. हे सगळं घडवून आणणाऱ्या प्रोग्रामला डिस्प्ले मॅनेजर म्हणतात. उबुंटूमध्ये तो जीडीएम असतो, केडीईवाल्यांकडे बहुधा एसडीडीएम, आणि लिनक्स मिंटमध्ये लाइटडीएम. बहिणीकडे मिंट होतं, सिनॅमन डेस्कटॉप, म्हणजे लाइटडीएम.

स्क्रीन काळी होऊन परत लॉगिनवर आली, याचा अर्थ वॉचमनने सलाम ठोकून आत सोडलंय. खोलीच उघडली नाही, म्हणून तुम्ही फिरून गेटवर आलात. पासवर्डचा काही संबंध नाही. तरी लोक पहिली गोष्ट काय करतात? पासवर्ड बदलतात. माझ्या बहिणीने तीन वेळा बदलला होता, आणि तिच्या धाकट्या भावाचा समज झाला होता की ताईने मुद्दाम माझाही बदललाय. हे भावाचं लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

पासवर्ड बरोबर आहे याची खात्री करायचा साधा मार्ग आहे. लॉगिनच्या पडद्यावर असताना कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन एकदम दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएनही दाबावं लागतं. पूर्ण काळा पडदा येईल, पांढरी अक्षरं, घाबरू नका. तिथे आधी युजरनेम, मग पासवर्ड. टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, बरेच जण इथे अडकतात, त्यांना वाटतं कीबोर्ड चालत नाहीये. चालतोय. टाका आणि एंटर मारा. आत गेलात तर तुमचं खातं शाबूत, पासवर्ड शाबूत, आणि फाइल्सही बहुतेक शाबूत.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर तिने फोनचा कॅमेरा स्क्रीनसमोर धरला आणि आम्ही हे केलं. आत गेली. मी म्हटलं, आता एल-एस टाइप कर, मग फोल्डरचं नाव. काळ्या पडद्यावर एकाखाली एक फाइल्सची नावं आली. तिने मोजल्या. सगळ्या होत्या. फोनवर बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

खरं तर त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं, आधी या पेनड्राइव्हवर काढ. मी सांगितलं नाही. मला कोडं सोडवायची घाई झाली होती. हे माझं चुकलं, आणि पुढचे चार दिवस ते रेकॉर्डिंग उगाच टांगणीला राहिलं. तुम्ही असं करू नका. डेस्कटॉप उघडत नसला तरी मिंट किंवा उबुंटूच्या इन्स्टॉल करायच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करता येतो, लाइव्ह म्हणतात त्याला, आणि तिथून आतल्या फाइल्स बाहेर काढता येतात. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिचा पासवर्ड द्यावा लागेल, एवढंच.

माझ्या डोक्यात एक आवडता संशयित होता. होम फोल्डरमध्ये एक लपलेली फाइल असते, डॉट एक्स-ऑथॉरिटी. एक्स कॅपिटल बरं का. पडद्यावर चित्र काढायची परवानगी असलेली चिठ्ठी म्हणा. कधीतरी कुणी सुडो लावून एखादा खिडकीवाला प्रोग्राम चालवतो आणि त्या फाइलची मालकी रूटकडे जाते. मग तुमचाच डेस्कटॉप तुमच्याच चिठ्ठीवर लिहू शकत नाही, आणि येतं हेच, काळा पडदा, परत लॉगिन. नेटवर शोधलंत तर दहापैकी सात जण हाच उपाय सांगतील.

तपासलं. मालकी तिच्याच नावावर होती. पण फाइलचा आकार होता शून्य. मी ते वाचलं, "शून्य आहे, म्हणजे खराब झाली असेल," असं म्हणालो, आणि पुढे गेलो. फाइलचं नाव बदलायला लावलं, म्हणजे नवीन तयार होईल. रीस्टार्ट. लॉगिन. झालं! आत गेली. मी फोनवर दोन मिनिटं भाव खाल्ला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा मेसेज. "दादा परत."

इथे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण या प्रकारच्या बिघाडात सगळे इथेच फसतात. मी दोन गोष्टी केल्या होत्या. फाइल बदलली, आणि रीस्टार्ट केलं. आत गेल्यावर श्रेय दिलं फाइलला. आणि जो बिघाड तसाही आपोआप बरा होतो, त्याच्यावर कुठलाही उपाय लागू पडतो! सर्दीसारखं. काढा घ्या, नाहीतर अंगारा लावा, सात दिवसांत जातेच. म्हणून नेटवर या त्रासासाठी शंभर उपाय सापडतात आणि प्रत्येकाखाली "थँक्स, चाललं" लिहिलेलं असतं. त्या लोकांनी दोन दिवसांनी परत येऊन काय लिहिलं असतं, ते आपल्याला दिसत नाही.

मग मी तिला वही करायला लावली. अगदी साधी. प्रत्येक वेळी लॉगिन करताना लिहायचं, वेळ काय, लॅपटॉप बंद करून चालू केलाय की नुसतं लॉगआउट करून परत येतेयस, त्याआधी काय करत होतीस, आणि आत गेली की नाही. फोनच्या नोट्समध्ये लिहिलं तिने. चार दिवस.

त्यातून जे निघालं ते मजेदार होतं. स्क्रीन लॉक करून परत उघडली, तर एकदाही अडचण नाही. साहजिक आहे. लॉक उघडताना फक्त वॉचमनचं काम असतं, खोली आधीच उघडलेली असते. लॉगआउट करून परत आत जायला गेली की बहुतेक वेळा अडकायचं, विशेषतः संध्याकाळी, दिवसभर मुलाखती कापायचं काम केल्यावर. रीस्टार्ट केलं की बहुतेक वेळा आत. फक्त एका सकाळी, थेट चालू करूनसुद्धा अडकलं होतं, आणि अर्धा तास लॉगिनच्या पडद्यावर तसाच ठेवून ती जेवायला गेली, आली तर चाललं. ही एक नोंद कशातच बसत नव्हती.

आणि मी सहज विचारलं, "तू लॉगआउट करतेस तरी कशाला?" तर म्हणे, बारक्याला गेम खेळायला द्यायचा असतो, त्याचं खातं वेगळं आहे. "त्याचं होतं का लॉगिन?" "नाही ना, तो म्हणतो मी त्याचा पासवर्ड बदलला."

अरे! दोन वेगळी खाती, दोन वेगळी होम फोल्डर, दोन वेगळ्या चिठ्ठ्या, आणि दोन्ही एकाच वेळी अडकतायत. म्हणजे दोष तिच्या कुठल्याच फाइलमध्ये नाही, दोघांना सामाईक अशा कशात तरी आहे. हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर चार दिवस वाचले असते. तुमच्याकडे दुसरं खातं नसेल तर चालू असतानाच एक रिकामं करून ठेवा, अडचणीच्या वेळी तपासायला फार उपयोगी पडतं.

पुढच्या वेळी अडकलं तेव्हा तिने रीस्टार्ट केलं नाही, मला फोन केला. पुन्हा कंट्रोल-ऑल्ट-एफ-तीन. पहिली कमांड जर्नलसीटीएल, स्पेस, मायनस बी. जर्नल म्हणजे यंत्राची रोजनिशी. मायनस बी म्हणजे आत्ता चालू केल्यापासूनची. त्याच्यापुढे मायनस एक लिहिलं तर त्याच्या आधीच्या वेळची. उबुंटू-मिंटमध्ये जुन्या नोंदी सहसा साठवलेल्या असतात, त्यामुळे "काल चाललं तेव्हा काय झालं" आणि "आज अडकलं तेव्हा काय झालं" हे शेजारी ठेवून वाचता येतं. लाल ओळी बघून घाबरू नका, धडधाकट लॅपटॉपच्या जर्नलमध्येही त्या भरपूर असतात. चांगल्या दिवशी पण दिसतात त्या सोडून द्या. फक्त वाईट दिवशी दिसतात त्या हव्यात.

तिच्या नावाने सेशन उघडल्याची ओळ होती. आणि दोनच सेकंदांनी सेशन बंद झाल्याची. वॉचमनने सोडलं, खोली उघडली नाही, हे तिथे लिहूनच ठेवलं होतं. होममध्ये अजून एक लपलेली फाइल असते, डॉट एक्स-सेशन-एरर्स, डेस्कटॉप आपली रडगाणी तिच्यात लिहितो. ती उघडली तर रिकामी. शून्य आकार.

परत शून्य. आता कुठे माझी ट्यूब पेटली.

डी-एफ, स्पेस, मायनस एच. डिस्कवर किती जागा आहे ते सांगणारी कमांड. तिचा १२० जीबीचा एसएसडी, त्यावर एकच मोठा विभाग. आकडे आले. एकूण १०९. वापरलेले १०४. शिल्लक ०.

तिने लगेच विचारलं, आणि बरोबर विचारलं, "१०९ वजा १०४ म्हणजे ५ ना? शून्य कसं?"

ही गंमत समजून घ्या, सगळं इथेच आहे. लिनक्समध्ये जी सर्रास वापरली जाते ती ईएक्सटी-फोर फाइल सिस्टिम विभाग बनवतानाच ५ टक्के जागा रूटसाठी बाजूला काढून ठेवते. एसटीत काही जागा आरक्षित असतात तसं. डिस्क भरली तरी यंत्र बंद पडू नये, मालकाला आत येऊन साफसफाई करता यावी, म्हणून. १०९ चे ५ टक्के म्हणजे साडेपाच जीबी. ती जागा आहे, पण तिच्यासाठी नाही.

म्हणूनच लॅपटॉप व्यवस्थित चालू होत होता. लॉगिनचा सुंदर पडदा येत होता. कारण ही सगळी कामं मुख्यतः रूटच्या हुकमाने चालतात, आणि त्याला राखीव जागा आहे. पासवर्ड तपासायला जागा लागत नाही. पण सेशन तिच्या नावाने सुरू व्हायला गेलं की चिठ्ठी लिहायला एक ओळभरही जागा नाही. फाइल तयार होते, आत काही लिहिता येत नाही, आकार शून्य. डेस्कटॉप मरतो. तक्रार लिहायची फाइलसुद्धा शून्य, कारण तक्रार लिहायलाही जागा नाही. काळ्या पडद्यावर मात्र ती आरामात येते, कारण तिथे आत यायला काही लिहावं लागत नाही.

मग कधी होतं, कधी नाही, हे का? जागा कमीजास्त होत होती म्हणून. मुलाखती कापायचं जे सॉफ्टवेअर ती वापरायची ते तात्पुरत्या फाइल्स टेम्प फोल्डरमध्ये टाकायचं. तिच्या मिंटमध्ये टेम्प त्याच डिस्कवर होतं आणि ते लॅपटॉप चालू होताना पुसलं जातं. म्हणजे दिवसभर काम, टेम्प फुगलं, जागा शून्य, संध्याकाळी लॉगआउट केलं की अडकलं. रीस्टार्ट, टेम्प साफ, एखाद-दुसरा जीबी मोकळा, आत. माझा "उपाय" इथेच चालला होता.

आणि ती सकाळची विचित्र नोंद? त्याचं उत्तर पुढच्या कमांडमध्ये मिळालं. सुडो, डी-यू, मायनस एक्स-एच, मायनस मायनस मॅक्स-डेप्थ बरोबर एक, आणि शेवटी एक तिरकी रेघ. कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्लीय त्याची यादी. वेळ लागतो, धीर धरा. होम ४७ जीबी. ठीक. आणि टाइमशिफ्ट नावाचं फोल्डर ३८ जीबी.

टाइमशिफ्ट हे मिंटसोबतच येतं, सिस्टिमचे फोटो काढून ठेवतं, म्हणजे एखादं अपडेट बिघडलं तर मागे जाता येतं. चांगली सोय आहे, मी स्वतः वापरतो. न बदललेल्या फाइल्स ते दुसऱ्यांदा साठवत नाही, त्यामुळे एरवी फार जागा खात नाही. आणि मुळात होम फोल्डर ते वगळतं. पण हिने सेटिंगमध्ये जाऊन होमसकट सगळं, अशी खूण केली होती. हेतू चांगलाच, मुलाखतींचा बॅकअप होईल! पण तो बॅकअप त्याच डिस्कवर. डिस्क गेली की दोन्ही गेले. आणि ती रोज त्याच मोठ्या ऑडिओ फाइल्स थोड्याथोड्या कापत होती, बदललेली फाइल म्हणजे टाइमशिफ्टच्या दृष्टीने नवी फाइल, मग रोज तिची पूर्ण नवी प्रत.

टाइमशिफ्ट रूट म्हणून चालतं, लॉगिन झालं नसलं तरी मागे आपलं काम करत राहतं. ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त फोटो झाले की सगळ्यात जुना काढून टाकतं. त्या सकाळी आदल्या दिवशीच्या फोटोने डिस्क इतकी भरली होती की टेम्प साफ होऊनही पुरलं नाही. ती जेवायला गेली तेवढ्यात जुना फोटो गेला, जागा झाली. आली तर चालू. मला विचाराल तर हा भाग मला सगळ्यात आवडला. लॅपटॉप स्वतःच आजारी पडत होता आणि स्वतःच बरा होत होता.

मध्ये मध्ये कोपऱ्यात "डिस्कवर जागा कमी आहे" अशी खिडकी यायची का, असं विचारलं. "यायची. मी बंद करायचे." आपण सगळेच बंद करतो.

यावेळी क्रम बरोबर ठेवला. रीस्टार्ट करून आत गेली आणि आधी सगळ्या मुलाखती बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केल्या, वर एक प्रत क्लाउडवर. मगच साफसफाई. टाइमशिफ्टची खिडकी उघडून जुने फोटो तिथूनच काढले. फोल्डर हाताने उडवायचं नाही, टाइमशिफ्टला सांगून काढायचं. होमची खूण काढली. अ‍ॅपने आधी उतरवून ठेवलेली पॅकेजेस सुडो, एपीटी, क्लीनने गेली. ३० जीबीच्या वर मोकळे झाले.

पण एकदा फसलेला मी. आता चाललं म्हणून विश्वास ठेवणार नव्हतो. म्हटलं, आता आपण मुद्दाम बिघडवून बघू. टर्मिनलमधून बारक्याचे सिनेमे त्याच्या हार्ड डिस्कवरून सीपी कमांडने एकावर एक कॉपी करत गेलो, "जागा नाही" म्हणेपर्यंत. शिल्लक शून्य. लॉगआउट. लॉगिन. काळा पडदा, परत गेटवर. तिने मारलेली आनंदाची किंकाळी शेजारी ऐकू गेली असेल. काळ्या पडद्यावरून सिनेमे पुसले, कंट्रोल-ऑल्ट-एफ-सात दाबून परत लॉगिनवर, आणि सरळ आत. रीस्टार्ट नाही, दुसरं काही नाही. हे दोनदा केलं. पाहिजे तेव्हा बिघडवता आलं, पाहिजे तेव्हा दुरुस्त करता आलं, तेव्हा कुठे मी मान्य केलं की कारण हेच.

आता तुमचं कारण हेच असेल असं नाही. अजून काही "कधी होतं कधी नाही" प्रकार सांगतो, फार खोलात जात नाही.

स्पष्ट "पासवर्ड चुकला" येत असेल, आणि तुम्हाला खात्री असेल की चुकलेला नाही, तर कीबोर्ड बघा. आपल्या लोकांचा खास त्रास आहे हा. मराठी लिहायला देवनागरी लेआउट लावलेला असतो, तसाच ठेवून स्क्रीन लॉक केली, तर पासवर्ड देवनागरीत टाइप होतो. ठिपके सारखेच दिसतात! इंग्रजीत असताना लॉक केलं तर चालतं, मराठीत असताना केलं तर नाही, आणि वाटतं लॅपटॉप मूडी आहे. पडद्याच्या कोपऱ्यात भाषेची खूण असते ती बघा, किंवा डोळ्याचं चिन्ह असेल तर दाबून अक्षरं बघा.

दुसरा प्रकार फार फसवा. काही लिनक्समध्ये, आर्चमध्ये तर मुळातच, फेललॉक चालू असतं. १५ मिनिटांत तीनदा पासवर्ड चुकला की खातं १० मिनिटं बंद. त्या १० मिनिटांत बरोबर पासवर्ड टाकला तरी नाकारतो. तुम्ही चिडून चहा प्यायला जाता, येता, तोच पासवर्ड चालतो. आणि ही मोजदाद रीस्टार्टलाही पुसली जाते, म्हणजे पुन्हा श्रेय रीस्टार्टला! काळ्या पडद्यावर रूट म्हणून किंवा दुसऱ्या अ‍ॅडमिन खात्याने आत जाता आलं तर फेललॉक, मायनस मायनस युजर, तुमचं नाव, एवढं टाइप केलं की चुकलेल्या प्रयत्नांची यादी दिसते. पुढे मायनस मायनस रीसेट जोडलं की मोकळं.

तिसरा, लॉगिनचा पडदाच कधी येतो कधी येत नाही, नुसता काळोख. नवीन वेगवान एसएसडीवर हे होतं. डिस्प्ले मॅनेजर इतक्या लवकर उठतो की ग्राफिक्सचा ड्रायव्हर अजून तयार नसतो. शर्यत आहे, कधी हा जिंकतो कधी तो, म्हणून कधी चालतं. लाइटडीएमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लॉगिनडी-चेक-ग्राफिकल बरोबर ट्रू, अशी एक ओळ असते. ती लावली की तो ड्रायव्हरसाठी थांबतो. एनव्हिडियावाल्यांना कर्नल अपडेटनंतर अडकलं तर सुरुवातीच्या ग्रब मेन्यूत अ‍ॅडव्हान्स्ड पर्यायात जाऊन जुना कर्नल निवडून बघा. जुन्याने चाललं तर कुठे शोधायचं ते कळलं.

आणि रूटच्या मालकीची ती चिठ्ठी, माझा आवडता संशयित. तो खरा गुन्हेगार असतो तेव्हा लॉगिन रोज, दर वेळी अडकतं, रीस्टार्टने बरं होत नाही. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं की इथे तो नाही.

प्रबंध गेल्या महिन्यात जमा झाला. टाइमशिफ्ट आता बाहेरच्या हार्ड डिस्कवर फोटो काढतं, मुलाखतींच्या तीन प्रती आहेत, आणि त्या आजींच्या घरच्यांना एक पेनड्राइव्ह देऊन आली ती. बारक्याचा मात्र अजूनही दावा आहे की ताईने पासवर्ड बदलला होता.

तुमच्याकडे असं काही अडलं असेल तर लिहून पाठवा, पण आधी चार दिवसांची वही करा आणि ती सोबत जोडा. "कधी कधी होतं" एवढंच लिहिलंत तर मी पण तुम्हाला रीस्टार्टच करायला सांगेन. भेटू पुढच्या भागात.